ड्रायव्हर खराब आहे

(पलसाण्याजवळची एक डाइंग मिल. सन १९९७, रविवारची दुपार. कापड ताणून वाळवणारं लांबलचक स्टेंटर मशीन बंद पडलंय.)

हिलाल : अगं पन तू आठे कसाले उनी? मी तुना मामा शे, पन ही मिल काय मना बापनी नही! शेठनी दखं तर?

उज्ज्वला : डबा द्यायला आले. डबा द्यायची बंदी आहे का मिलमध्ये?

हिलाल : डबा मी सकायलेच संगे आनेल शे.

उज्ज्वला : मग हा दुसरा. रविवार आहे, दोन खा. आणि मामा, हळू बोला. तो कुठाय?

हिलाल : कोन तो?

उज्ज्वला : तोच. सकाळी मला बघायला येणार होता तो. तुम्हीच आणलंत ना स्थळ? "पोऱ्या इंजिनेर शे, सोनं शे सोनं." आईनं पोहे भिजवले, ते भिजून भिजून खिमट झाले. बाबा इस्त्रीची टोपी घालून ओट्यावर बसले, ते बसलेलेच. आणि वर निरोप काय आला, माहीत आहे?

हिलाल : निरोप तर गया ना! मनासमोर फोन करा त्यानी. तुमना गल्लीमातला दगाना एस.टी.डी.वर.

उज्ज्वला : दगाभाऊंना एका कानानं ऐकू येत नाही, आणि फोन त्यांनी त्याच कानाला लावला असणार. घरी येऊन बाबांना म्हणाले, "पाहुणे येत नाहीत. पोरगा ड्रायव्हर आहे, आणि खराब आहे."

हिलाल : आरे देवा!

उज्ज्वला : बाबा असे तापलेत! म्हणतात, माझ्या साल्यानं इंजिनिअर सांगितला आणि निघाला ड्रायव्हर. तोही खराब, म्हणजे दारुडाच. लगेच मला आधी बघून गेलेल्या उधन्याच्या पाहुण्यांना सांगावा धाडला, संध्याकाळी या म्हणून.

हिलाल : उधनावाला? ज्यासनी माय तुले चालाले लावे ती?

उज्ज्वला : तीच. मला दोनदा दारापर्यंत चालवलं आणि म्हणाली, लग्नानंतर ते कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढणं बंद. मामा, मी त्या घरात गेले ना, तर दुसऱ्या दिवशी चालत परत येईन. तसं चालून दाखवलंच आहे.

हिलाल : मंग आते तू काय करशी?

उज्ज्वला : बघणार. दर वेळी सगळे मलाच बघतात. आज मी बघते, हा खराब ड्रायव्हर कसा आहे ते. त्याला सांगू नका मी कोण.

हिलाल : माय वं! सांगू नको म्हने. माले खोटं बोलता येस का? दख, त्या पॅनेलना मांगे. जे पाय दिसी ऱ्हायनात ना, तोच.

उज्ज्वला : पायांत दोन रंगांचे मोजे आहेत.

हिलाल : सकाय सकाय घाईमा निंघना व्हई. तू ती ओढनी नाकवर बांध आधी, कापडना कापूस, रुवा, उडस आठे.

योगेंद्र : आप्पा! टॉर्च धरायला कोणी मिळेल का? तोंडात धरून धरून माझा जबडा आखडला.

हिलाल : शे ना! ही शे! मन्ही भाची शे. म्हंजे, ती नही. दुसरी. दुसरी बहीननी.

योगेंद्र : कोणती ती नाही?

हिलाल : कोनतीच नही.

उज्ज्वला : द्या टॉर्च. कुठे धरू?

योगेंद्र : इथे. जरा खाली. हं, बराबर. हात मात्र आत घालू नका. मेन स्विच पाडलाय, तरी आत कपॅसिटरमध्ये वीज भरून राहते. तो बारका लाल दिवा दिसतो ना? तो विझेपर्यंत थांबायचं.

उज्ज्वला : आणि विझला की?

योगेंद्र : तरीही मीटर लावून बघायचं. आमचे एक साहेब नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवायचे. त्यांची उजवी मिशी अजून उगवायची आहे.

उज्ज्वला : याला झालंय काय पण?

योगेंद्र : हे ड्राइव्ह. मोटर किती जोरात पळवायची, कधी हळू करायची, ते हे ठरवतं. आत एक प्रोसेसर आहे, बारका कॉम्प्युटरच म्हणा. सकाळपासून चालता चालता हा मध्येच थांबतो आणि एक नंबर दाखवतो. पुस्तकात त्या नंबरासमोर लिहिलंय : आतल्या प्रोसेसरचा दोष. बंद करून चालू करा. पुन्हा आला तर कार्ड बदला. बस. एवढं लिहून पुस्तकवाला जेवायला गेला.

उज्ज्वला : मग बदला कार्ड.

योगेंद्र : कार्ड येणार बाहेरच्या देशातून, मुंबईमार्गे. महिना तरी जाईल. तोवर मशीन बंद, म्हणजे आप्पा आणि दोन्ही पाळ्यांचे कारागीर घरी. दिवाळीच्या तोंडावर. आणि मी याच दोषासाठी तिसऱ्यांदा आलोय. दोनदा बंद करून चालू केलं, चाललं, मी छाती काढून निघून गेलो. आज शेठ म्हणाले, "योगेंद्रभाई, आ छेल्ली वार." ही शेवटची वेळ, असं इतक्या प्रेमानं म्हणाले की मला घामच फुटला.

उज्ज्वला : म्हणून रविवारी पण? रविवारी माणसाला दुसरं काही काम नसतं?

हिलाल : मी जरा चाय...

उज्ज्वला : थांबा मामा. त्यांना बोलू द्या.

योगेंद्र : होतं ना काम. मुलगी बघायला जायचं होतं. भेस्तानला. यांचीच भाची. तुमची मावसबहीण लागत असेल.

उज्ज्वला : लागते. अगदी जवळची.

योगेंद्र : कशी आहे हो?

उज्ज्वला : डोकं गरम आहे.

योगेंद्र : वाटलंच मला! फोटोत ती स्टुडिओतला फोन कानाला लावून बसलीये. बाकीच्या मुली कशा, फोन धरून लाजतात. ही अशी बघतेय, जणू समोरच्याला म्हणतेय, "बिल इतकं आलंच कसं?"

उज्ज्वला : फोटोवाल्यानं सांगितलं होतं तसं बघायला! म्हणजे, सांगितलं असेल.

योगेंद्र : आणि त्या फोनची वायर कुठेच गेलेली नाही. टेबलाच्या मागे लोंबतेय नुसती. मी पहिल्यांदा ती वायरच बघितली. आई म्हणाली, अरे मेल्या, मुलगी बघ. मग मुलगी बघितली. मग, खरं सांगू का, वायर विसरलो.

हिलाल : दख! मी काय सांगे? सोनं!

उज्ज्वला : तुम्ही गप बसा. मग इतकं होतं तर गेला का नाहीत? मशीन मोठं की माणूस?

योगेंद्र : निघालो होतो हो. आई बरोबर, पेढे हातात. रिक्षात बसतोय तोवर पेजर वाजला. आईला म्हटलं, तू घरी थांब, मी असा गेलो आणि असा आलो. इथे आलो, पॅनेल उघडलं आणि संपलं. मशीन असं थांबलेलं दिसलं ना, की मला मग दुसरं काही दिसतच नाही. तो दोष प्रोसेसरचा नाही, माझा आहे. पण निरोप दिला मी! एस.टी.डी.वाल्याला ओरडून सांगितलं, येऊ शकत नाही, ड्राइव्ह खराब आहे!

उज्ज्वला : ड्राइव्ह?

योगेंद्र : ड्राइव्ह.

उज्ज्वला : ड्राइव्ह होय! अगं बाई! आम्ही ऐकलं ड्रायव्हर!

योगेंद्र : कोण ड्रायव्हर?

उज्ज्वला : तुम्ही! खराब! बाबा म्हणाले दारुडाच असणार! आई रडायच्या बेतात आणि मी... अगं आई गं, हसून हसून पोट दुखायला लागलं माझं.

योगेंद्र : थांबा थांबा. आम्ही ऐकलं म्हणजे? बाबा म्हणजे कोणाचे बाबा?

हिलाल : गयं. समदं गयं.

योगेंद्र : तो टॉर्च... जरा तुमच्या बाजूला फिरवता का?

उज्ज्वला : घ्या फिरवला. ओढणीही काढली. कानाला फोन नाही, तेवढं चालवून घ्या.

योगेंद्र : म्हणजे तुम्हीच... ती वायरवाली!

उज्ज्वला : तीच. बिल इतकं आलंच कसं?

योगेंद्र : माझ्या डोक्यावर रुवा आहे का?

उज्ज्वला : डोक्यावर, भुवयांवर आणि डाव्या कानात. सांताक्लॉज दिसताय.

योगेंद्र : आई म्हणाली होती, पहिल्या भेटीत भांग नीट पाड.

हिलाल : आरे, तो लाल दिवा कव्हानाच इझना! एकमेकसले काय दखी ऱ्हायनात? पाळीना मानसं मन्हाकडे दखी ऱ्हायनात तठे!

योगेंद्र : हो, हो. मीटर. मीटर कुठाय?

उज्ज्वला : तुमच्या हातात.

योगेंद्र : बराबर. आता बघा, काय करायचं. या कार्डाला बाहेरून जेवढ्या वायरी येतात, तेवढ्या सगळ्या सोडवायच्या. मग त्याला एकट्याला वीज द्यायची. एकटा असूनही दोष दाखवला, तर कार्ड खरंच गेलं. नाही दाखवला, तर तो ठीक आहे, त्रास बाहेरून येतोय. मी वायरी सोडवतो, तुम्ही प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधा. जिथली तिथे परत लागली पाहिजे.

उज्ज्वला : आमच्याकडे रंगांचं असंच असतं. एक एक रंग बंद करून बघायचा, कोणता चुकतोय. सगळे एकदम बघितले की काहीच कळत नाही.

योगेंद्र : हो ना! कोणाला पटतच नाही हे! आमचे साहेब आले की पहिले सगळं हलवून बघतात.

हिलाल : तुमी आते रंगावर नका जाऊ.

योगेंद्र : सोडल्या सगळ्या. आप्पा, कंट्रोलचा स्विच टाका. फक्त कंट्रोलचा. टाकला? उज्ज्वला... म्हणजे, तुम्ही... काय दिसतंय?

उज्ज्वला : शून्य. नुसतं शून्य. नंबर नाही!

योगेंद्र : पाच व्होल्ट बराबर. हलत नाहीत. आतली पट्टीची वायर घट्ट आहे. वा! अहो, हा शहाणा आहे! काही झालेलं नाही याला! कार्ड चांगलं आहे!

उज्ज्वला : एकटा असला की शहाणा.

योगेंद्र : माझी आई माझ्याबद्दल उलटं म्हणते.

उज्ज्वला : चला, पहिली चिठ्ठी. लावा.

योगेंद्र : लावली.

उज्ज्वला : शून्य. दुसरी?

योगेंद्र : लावली.

उज्ज्वला : शून्य. किती मजा येतेय! माझ्या हाताला ग्रीस लागलंय, आई मारेल.

योगेंद्र : ही शेवटची. आता मेन टाकतो. आप्पा, सगळ्यांना मशीनपासून लांब करा. चालवतोय. हळू... हळू... चढतंय... चढतंय...

हिलाल : चालनं! चालनं रे भो! दख कशी फिरी ऱ्हायनी साखळी! आरे लागा कामले! पोरी, तुना पायगुन चांगला शे! थांबा, पाव्हनी उनी, पाव्हना बठेल शे आन अजून कोनी चाय नही पाजी. मी घंटी देस कॅन्टीननी मंगलाबाईले.

योगेंद्र : आप्पा... थांबलं.

उज्ज्वला : नंबर आला. तोच.

योगेंद्र : तोच नंबर.

हिलाल : आते तर चाली ऱ्हायनं व्हतं!

योगेंद्र : संपलं. मी हरलो. वायरी नाहीत, व्होल्ट नाहीत. आता शेठ वरून येतील आणि प्रेमानं बोलतील. कार्ड मागवायचं, आणि महिनाभर मी पलसाण्याला तोंड दाखवायचं नाही. तुमच्या बाबांना दगाभाऊंनी सांगितलं तेच बराबर. खराबच आहे.

उज्ज्वला : अहो, असं खाली काय बसताय? उठा. पुन्हा लावा. दोनदा लावलेलं तिसऱ्यांदा लावायला काय होतं? मला त्या बाईनं दोनदा चालवलं तेव्हा मी बसले का खाली?

योगेंद्र : कोणत्या बाईनं?

उज्ज्वला : ते नंतर. उठा.

योगेंद्र : टाकतो. चढतंय. चालतंय. बघा, आता ठणठणीत. आता याला विचारावं, मघाशी काय खुपलं होतं?

हिलाल : ती मंगलाबाईनी अजून चाय नही धाडी. रविवार म्हंजे तिले ऐकूच येत नही. परत देस घंटी, जरा लांब देस.

योगेंद्र : थांबलं! आप्पा!! आत्ता काय केलंत तुम्ही?

हिलाल : मी? मी काय करं? मी तर तठे दूर शे!

योगेंद्र : हात कुठे आहे तुमचा?

हिलाल : घंटीवर.

उज्ज्वला : मामा. ती घंटी कधी बसवलीत?

हिलाल : आवंदा पाऊस सरना तव्हा. कॅन्टीन पार त्या कोपरामा शे, वरडी वरडी मना गया बठना. मंग भिकन वायरमनले सांगं, त्यानी दिधी बसाडी. चाय लवकर येस आते.

योगेंद्र : आणि दोष पहिल्यांदा आला तो कधी? दसऱ्याच्या आसपास. भिकननं वीज कुठून घेतली या घंटीला?

हिलाल : याच डब्बामातून घिधी. जवळ पडे म्हने.

योगेंद्र : याच डब्ब्यातून! बघू. ही बघा! ही पिवळी वायर! कंट्रोलच्या वायरींच्या बरोबर गुंडाळून नेलीये, पार कार्डाच्या पोटाखालून! मी ही पॅनेलचीच समजत होतो, कारण ही कार्डाला लागतच नाही! अहो, घंटी वाजते म्हणजे तिच्या आत ठिणग्या उडतात, थडथडथड. त्या सगळ्या या वायरीतून थेट प्रोसेसरच्या कानात! थोडकी वाजवली तर तो सहन करतो. लांब वाजवली की याचं डोकं फिरतं!

उज्ज्वला : म्हणजे आतला दोष आतला नाहीच!

योगेंद्र : चहाचा आहे!

उज्ज्वला : मामा, सरका. मला दाबू द्या.

योगेंद्र : थांबा, चालू करतो. हं. आधी थोडकी दाबा.

उज्ज्वला : दाबली. चालतंय.

योगेंद्र : आता लांब. जोरात. समजा, ती तुम्हाला दोनदा चालवणारी बाई समोर आहे.

उज्ज्वला : ही घ्या!

योगेंद्र : पडलं! पडलं! वा! काय सुंदर पडलं! इतक्या आनंदानं मी मशीन कधी बंद पडलेलं पाहिलं नव्हतं! पुन्हा! खात्री करायला पाहिजे!

हिलाल : आरे पुरे! मंगलाबाई पाच येळा चाय धाडी! तठे दखा, ती सोता यी ऱ्हायनी, हातमा झारा शे!

उज्ज्वला : मामा, तुम्ही पुढे व्हा आणि सांभाळा. सांगा, सगळा चहा पिणार आम्ही. इथले सगळे कारागीर पिणार.

योगेंद्र : मेन पाडला, दिवा विझला, मीटरही लावलं. पकड द्या. ही तोडली. गेली. घंटीला आता भिंतीवरच्या लाइटच्या पॉइंटवरून वीज जोडली, पार वेगळी. आप्पा, भिकनला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, या डब्ब्याला पुन्हा हात लावलास तर मी तुझ्या घरी येऊन घंटी वाजवेन.

हिलाल : चालनं? आते खरं चालनं? परत थांबनार नही?

योगेंद्र : वाजवा आता पाहिजे तेवढी. बघा, ऐकतोय का कोणाचं. मस्त पळतंय. शेठना बोलवा.

हिलाल : शेठ कव्हाना तठे उभा शे, तुमले दखी हासी ऱ्हायना. आते माले सांगा, मी भेस्तानले काय सांगू? संध्याकाय व्हई जाई, उधनावाला येथीन.

उज्ज्वला : थांबा मामा. अजून मी बघून झालेलं नाही. मला यांना एक विचारायचंय.

योगेंद्र : विचारा.

उज्ज्वला : मी काम सोडणार नाही. ऑफिसात माझा जीव रमतो. तुम्हाला आत्ता यात जसं झालं होतं ना, तसंच. चालेल का? आणि आईला विचारून सांगतो, असं नका सांगू.

योगेंद्र : चालेल काय... अहो, मीच एक सांगायला घाबरत होतो. पेजर वाजला की मला जावं लागतं. इच्छापोर, पलसाणा, कुठेही. सण असो, ताटावर बसलेलो असो. अमुक वाजता घरी येईन असं वचन मी नाही देऊ शकत.

उज्ज्वला : मीही नाही देऊ शकत. सीझनला आम्हालाही उशीर होतो.

योगेंद्र : मग घरी कुकर कोण लावणार?

उज्ज्वला : जो आधी येईल तो.

योगेंद्र : मला फक्त खिचडी येते.

उज्ज्वला : मामांनी तुम्हाला सांगितलं असेल, मुलीला पुरणपोळीसुद्धा येते. ते खोटं आहे.

हिलाल : आरे हे काय बोलनं व्हयनं? मानपान नही, देनंघेनं नही, कुकरवरच लगन ठरी ऱ्हायनं आठे!

योगेंद्र : आप्पा, तुम्ही माझ्या आईला फोन करा, मी येतोय म्हणावं, मग आम्ही सगळे भेस्तानला निघतो. आणि फोन तुम्हीच करा. स्पष्ट बोला.

हिलाल : मी पाळी सोडी कसा येऊ? तुमी दोन्ही हायवेवर जा, तठे शटल रिक्षा भेटी. तिना बापले म्हना, हिलालनी धाडं. आन योगेंद्र, तो कानमातला रुवा काढ आधी.

योगेंद्र : निघाला? चला मग. आधी घरी जाऊन आईला घेऊ, पेढे घेऊ. लवकर पोचायला हवं, ते उधन्याचे पाहुणे यायच्या आत. या इकडून, फाटकातून रस्ता जवळ पडतो. ही खडी आहे, जपून. आपण भरभर चाललो तर...

उज्ज्वला : अहो, जरा हळू चाला. चपला नव्या आहेत. आजच काढल्यात.